प्रीमियर लीगच्या सीईओचा बचाव करायचाय, पण मुद्द्याने. नेमकं काय लिहू?

कॉलेजरोड_गनर (प्रश्न)

आमच्या कॉलेज रोडच्या स्क्रीनिंग ग्रुपवर दर शनिवारी तेच. इंग्लंडातली दुपारी ३ ची मॅच आपल्याकडे ७.३० ला लागते, थंडीत तिथली घड्याळं मागे गेली की ८.३० ला. रेफ्रीने घोळ घातला की दहा मिनिटांत ग्रुपवर मेसेज: "मास्टर्सला हाकला." (रिचर्ड मास्टर्स, म्हणजे लीगचा सीईओ.) एव्हर्टनचे गुण कापले, मास्टर्स चोर. मँचेस्टर सिटीचं काही होत नाही, मास्टर्स विकला गेला. चेल्सीने हॉटेलं विकून ताळेबंद सजवला, तरी मास्टर्सच.

माझं म्हणणं एवढंच की रिचर्ड मास्टर्स हा माणूस सगळ्याच गोष्टी ठरवत नसणार. पण नुसतं "त्याच्या हातात नाही" लिहिलं की लगेच "आला वकील" सुरू होतं. म्हणून तीन गोष्टी सांगा.
१. सीईओच्या हातात खरोखर काय असतं?
२. गुणकपातीचं गणित कसं चालतं?
३. कुठे त्याची बाजू घेऊच नये?

भावनिक नको. तारीख, आकडा, कलम असं काहीतरी द्या.

---

सहकार_आणि_सॉकर

आधी कंपनी समजून घ्या, मग माणूस.

प्रीमियर लीग ही एक कंपनी आहे आणि तिचे भागधारक म्हणजे त्या मोसमात खेळणारे २० क्लब. प्रत्येकाला एक शेअर, एक मत. खाली उतरलेले तीन क्लब आपला शेअर वर आलेल्या तिघांच्या नावे करून देतात. नियम बदलायचा तर दोन-तृतीयांश बहुमत, म्हणजे सगळे २० मतदान करत असतील तर १४ मतं. एफए म्हणजे इंग्लंडची फुटबॉल संघटना, तिच्याकडे एक विशेष शेअर आहे, त्यामुळे चेअरमन आणि सीईओची नेमणूक, बढती-उतरणीची पद्धत अशा मोजक्या बाबींत तिला नकाराधिकार आहे. सीईओची मतं किती? शून्य.

आपल्या बाजार समितीचा सचिव डोळ्यांपुढे आणा. लिलाव किती वाजता, किती दिवस बंद, हे संचालक मंडळाने ठरवायचं आणि नोटीस बोर्डावर सही सचिवाची. कांद्याचा भाव पडला की केबिन मात्र सचिवाचीच फुटते. मास्टर्सचं हेच आहे, फक्त पगार मोठा.

ग्रुपवर टाकायला मतदानाचे काही प्रसंग घ्या.

जून २०२४ च्या वार्षिक सभेत वुल्व्ह्जने व्हीएआर (व्हिडिओ पाहून निर्णय तपासणारा रेफ्री) बंद करण्याचा ठराव आणला. मतदान १९ विरुद्ध १. एकटा वुल्व्ह्ज. म्हणजे मॅच हरल्यावर कॅमेऱ्यासमोर व्हीएआरला शिव्या देणाऱ्या बाकी सगळ्या क्लबांनी आत बसून व्हीएआर ठेवायलाच हात वर केले.

चेल्सीची हॉटेलं. क्लबने स्टेडियमलगतची दोन हॉटेलं आपल्याच समूहातल्या कंपनीला ७६.५ मिलियन पौंडांना विकली आणि तो नफा हिशोबात धरला. लोक म्हणाले लीग झोपली होती. ही पळवाट बंद करायचा ठराव २०२४ च्या त्याच वार्षिक सभेत आला होता आणि त्याला १४ मतं जमली नाहीत. झोपलं कोण होतं ते तुम्हीच ठरवा.

नोव्हेंबर २०२५: खर्चाची नवी पद्धत मंजूर झाली ती १४ विरुद्ध ६. एक मत इकडचं तिकडे गेलं असतं तर ठराव पडला असता आणि दुसऱ्या दिवशी मथळा लागला असता "मास्टर्स अपयशी".

मग त्याचं काम काय? ठरावाचा मसुदा बनवणं, १४ मतं जमवण्यासाठी फिरणं, टीव्हीचे करार, नियम मोडल्याची चौकशी करून आरोप ठेवणं, सरकारशी बोलणी. यातल्या प्रत्येकावर त्याला धारेवर धरा, खुशाल.

आणि एक बारकी गोष्ट. मास्टर्सच्या आधीचे प्रमुख स्कुडामोर २०१८ मध्ये पायउतार झाल्यावर ही खुर्ची दोघांना देऊ केली होती. सुझाना डिनेज यांनी नाव जाहीर झाल्यावर रुजू व्हायच्या आधीच माघार घेतली. डेव्हिड पेम्सेल यांचं नाव ऑक्टोबर २०१९ मध्ये जाहीर झालं आणि नोव्हेंबरात राजीनामा. तोवर मास्टर्स प्रभारीच होते, डिसेंबर २०१९ मध्ये कायम झाले.

---

मिसळ_आणि_मॅच

मग आयपीएलसारखंच झालं ना? तिथेपण नावं अध्यक्षाला आणि निर्णय दुसरेच घेतात.

---

सहकार_आणि_सॉकर

नाही, उलट आहे. आयपीएल ही बीसीसीआयच्या मालकीची. फ्रँचायझी म्हणजे करार केलेला भाडेकरू, नियमाच्या मतदानात तिला हात वर करता येत नाही. नियम गव्हर्निंग कौन्सिल करते. प्रीमियर लीगमध्ये भाडेकरूच घरमालक आहेत आणि मास्टर्स सोसायटीचा मॅनेजर. पार्किंगचा नियम सभासदांनी केला, चावी मात्र मॅनेजरकडे.

---

ताळेबंद_सातपूर

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, कारण ग्रुपवर सगळ्यात जास्त अज्ञान याच बाबतीत असतं.

नफा-शाश्वतता नियम, ज्याला सगळे पीएसआर म्हणतात, २०२५-२६ मोसमापर्यंतचा. तीन वर्षांत मिळून जास्तीत जास्त तोटा १०५ मिलियन पौंड, म्हणजे वर्षाला ३५. पण हे १०५ आयते मिळत नाहीत. त्यातले पहिले १५ मोकळे. उरलेले ९० मालकाने भांडवल म्हणून घालायला हवेत, कर्ज म्हणून दिले तर चालत नाही. मालकाने ते घातले नाहीत तर तुमची मर्यादा १५ वरच थांबली. क्लब ज्या वर्षी चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे खालच्या दुसऱ्या स्तराच्या लीगमध्ये असेल त्या वर्षाचे ३५ नाही, १३ धरतात.

आता तोटा म्हणजे कोणता तोटा? ताळेबंदातल्या आकड्यातून अकादमी, महिला संघ, समाजकार्य आणि स्टेडियमसारख्या मालमत्तेचा घसारा वजा होतो. म्हणून पेपरात "क्लबला १५० मिलियन तोटा" वाचून लगेच "कारवाई करा" ओरडू नये. तो पीएसआरचा आकडा नसतो.

खेळाडूचा हिशोब असा. ५० मिलियनला घेतला, पाच वर्षांचा करार. दरवर्षी १० खर्ची पडतात. तीन वर्षांनी वहीत त्याची किंमत २० उरते. ३५ ला विकला तर १५ नफा, आणि तो पूर्ण नफा त्याच वर्षी. अकादमीतून आलेल्या पोराची वहीतली किंमत जवळजवळ शून्य असते, म्हणून तो विकला की जवळपास सगळी रक्कम नफा. घरचं पोर विकायची घाई क्लबांना का होते ते यावरून कळेल. चेल्सीने सात-आठ वर्षांचे करार करून हा वार्षिक बोजा पातळ केला, तेव्हा डिसेंबर २०२३ मध्ये क्लबांनी मतदान करून ही विभागणी जास्तीत जास्त पाच वर्षांवर आणली.

आता नॉटिंगहॅम फॉरेस्ट घ्या. दोन वर्षं चॅम्पियनशिप, एक वर्ष प्रीमियर लीग: १३ + १३ + ३५ = ६१. प्रत्यक्ष तोटा ९५.५. जास्तीचे ३४.५. त्यांचा बचाव असा की ब्रेनन जॉन्सन आम्ही टॉटनहॅमला ४७.५ मिलियनला विकला, तो धरला तर भागतं. पोरगा अकादमीचा, म्हणजे जवळपास सगळा नफाच. पण हिशोबाचं वर्ष संपलं ३० जून २०२३ ला आणि विक्री झाली १ सप्टेंबरला. क्लब म्हणाला थांबलो म्हणून भाव चांगला आला. आयोग म्हणाला, आला असेल, पण तो पुढच्या वर्षाचा. ३१ मार्चनंतर भरलेली गुंतवणूक मागच्या वर्षाच्या रिटर्नमध्ये दाखवा म्हणणारा एक तरी अशील प्रत्येक सीएकडे असतो, तसंच हे.

शिक्षा सहा गुणांची बसत होती. क्लबने चूक कबूल केली, सहकार्य केलं म्हणून दोन कमी. मार्च २०२४ मध्ये ४ गुण कापले.

एव्हर्टन: २०२१-२२ ला संपलेल्या मुदतीत तोटा १२४.५, मर्यादा १०५, जास्तीचे १९.५. नोव्हेंबर २०२३ मध्ये १० गुण, अपिलात फेब्रुवारी २०२४ मध्ये ते ६ झाले. पुढच्या मुदतीसाठी एप्रिलमध्ये आणखी २.

ग्रुपवर ठासून सांगायची गोष्ट ही: गुण लीगच्या ऑफिसात बसून कापत नाहीत. लीग आरोप ठेवते. स्वतंत्र आयोग ऐकतो, अपील मंडळ वेगळं. मास्टर्स फिर्यादी आहे, न्यायाधीश नाही.

---

पंचवटी_स्काउजर

ताळेबंदराव, गणित बरोबर, पण शेवटचं वाक्य फारच धुतलेलं आहे. फिर्यादीसुद्धा शिक्षा मागतो. एव्हर्टनच्या पहिल्या सुनावणीत लीगनेच सूत्र मांडलं होतं: सहा गुणांपासून सुरुवात, आणि मर्यादेपुढच्या दर ५ मिलियनला एक गुण. १९.५ भागिले ५ करा, त्यात सहा मिळवा, दहाच्या आसपास येतं. आयोगाने "आम्ही हे सूत्र स्वीकारत नाही" असं लिहिलं आणि शिक्षा दिली नेमकी दहा. अपिलात ती सहावर आली. हे सूत्र नियमपुस्तकात आधीपासून छापलेलं नव्हतं. गुन्हा झाल्यावर दंडाचा तक्ता काढायचा, हे कोणत्या ग्रामपंचायतीत चालतं? हा दोष क्लबांच्या मतांचा नाही, कार्यालयाचा आहे.

तिसऱ्या प्रश्नासाठी आणखी तीन घ्या.

लेस्टर. २०२२-२३ ला ते खाली गेले. त्यांचं हिशोबाचं वर्ष ३० जून २०२३ ला संपत होतं आणि शेअर त्याच महिन्यात आधीच दुसऱ्या क्लबकडे गेला होता. म्हणजे वर्ष संपलं त्या दिवशी लेस्टर प्रीमियर लीगचा क्लबच नव्हता. सप्टेंबर २०२४ मध्ये अपील मंडळाने सांगितलं, या कलमाच्या शब्दांनुसार लीगला इथे अधिकारच पोचत नाही. तोटा मर्यादेबाहेर असूनही सुटले. मसुद्यात एक वाक्य कच्चं राहिलं आणि सगळा खटला गेला. मसुदा कोणाचं काम? वर सहकारदादांनीच लिहिलंय.

संलग्न पक्षांशी व्यवहाराचे नियम. मालकाच्याच दुसऱ्या कंपनीने क्लबला फुगवून प्रायोजकत्व देऊ नये म्हणून केलेले. सिटीने आव्हान दिलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये लवादाने काही भाग बेकायदा ठरवला, मुख्य कारण म्हणजे मालकांनी दिलेली बिनव्याजी कर्जं नियमातून बाहेर ठेवली होती. लीगने नोव्हेंबरात १६ विरुद्ध ४ मतांनी दुरुस्ती केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये लवाद म्हणाला जुने नियम पूर्णच रद्दबातल होते. सप्टेंबर २०२५ मध्ये तडजोड. क्लबांनी मत दिलं हे खरं, पण कायदेशीर सल्ला घेऊन कागद पुढे सरकवणारं ऑफिस होतं.

आणि तोंड. जानेवारी २०२४ मध्ये संसदेच्या समितीपुढे एव्हर्टन आणि फॉरेस्टचा उल्लेख "छोटे क्लब" असा झाला. एव्हर्टन १८८८ च्या पहिल्या लीगचा संस्थापक, फॉरेस्टकडे दोन युरोपियन कप. ज्यांच्यावर तुम्हीच आरोप ठेवलेत त्यांना छोटे म्हणायचं नसतं, एवढं तर साध्या सरपंचालाही कळतं. इथे बचाव करायला जाऊ नका, तोंडावर पडाल.

---

ताळेबंद_सातपूर

सूत्राचा मुद्दा मान्य. माझं वाक्य असं वाचा: लीगने शिक्षा मागितली, आयोगाने दिली, अपिलाने कमी केली. तीन वेगळी टेबलं. फिर्यादीने जास्त मागितलं हा आरोप ठेवा, पण "मास्टर्सने गुण कापले" हे वाक्य तरीही चूकच.

---

सिडको_नंबर१२

व्हीएआरवर थोडक्यात. रेफ्री नेमते पीजीएमओएल. तिच्यामागे प्रीमियर लीग, ईएफएल (खालच्या स्तरांच्या लीग चालवणारी) आणि एफए अशा तिन्ही संस्था, तिथला रेफ्रींचा प्रमुख हॉवर्ड वेब. मास्टर्स कोणत्या मॅचला कोण व्हीएआर बसणार ते ठरवत नाही.

३० सप्टेंबर २०२३, टॉटनहॅम विरुद्ध लिव्हरपूल, लुईस दियासचा गोल. मैदानावर ऑफसाइड दिला होता. स्टॉकली पार्कला, व्हीएआरच्या खोलीत बसलेल्याला वाटलं मैदानावर गोल दिलाय. चित्र पाहिलं, खेळाडू ऑनसाइड, म्हणून "तपासणी पूर्ण" असं सांगून मोकळा. म्हणजे त्याच्या मते गोल कायम, मैदानावरच्याच्या मते ऑफसाइड कायम. फ्री किक घेतली गेली. काही सेकंदांतच खोलीतल्या रिप्ले ऑपरेटरच्या लक्षात आलं, पण खेळ पुन्हा सुरू झाल्यावर मागे जायची नियमात सोय नाही. तंत्र बिघडलं नव्हतं, रेषा बरोबर होत्या. बिघडलं ते एवढंच की मूळ निर्णय काय होता हे कोणी मोठ्याने म्हटलं नाही.

आता सीईओकडे बोट कुठे दाखवता येतं? ऑफसाइडच्या अर्धस्वयंचलित यंत्रणेवर. क्लबांनी एप्रिल २०२४ मध्ये एकमताने मंजुरी दिली, शरद ऋतूत आणू म्हणाले, प्रत्यक्ष मैदानात आली १२ एप्रिल २०२५ ला. तो उशीर अंमलबजावणीचा. त्यावर विचारा की.

---

कॉलेजरोड_गनर

भारी. सिटीचं काय लिहू? ग्रुपवर ९० टक्के शिव्या त्यावरूनच.

---

सहकार_आणि_सॉकर

तारखाच लावा. आरोप ६ फेब्रुवारी २०२३ ला ठेवले, त्याआधी चार वर्षं चौकशी. सगळे "११५ आरोप" म्हणतात, ते २००९-१० पासूनच्या मोसमांचे, मुख्यतः आर्थिक नियम मोडल्याचे. क्लबला सगळे अमान्य. सुनावणी सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली, डिसेंबरात संपली. निकाल लिहिणारे आयोगाचे तिघे सदस्य, ते लीगचे नोकर नाहीत. त्यांना फोन करून "आटपा लवकर" म्हणाला तर सिटीचे वकील त्याच कारणावरून अपील ठोकतील.

एव्हर्टन लवकर आणि सिटी उशिरा का? फॉरेस्टने आणि दुसऱ्या प्रकरणात एव्हर्टनने आकडा मान्य केला होता, वाद फक्त शिक्षेचा. ताळेबंद डिसेंबरअखेर द्यायचे, जानेवारीत आरोप, त्याच मोसमात निकाल, अशी जलद वाट २०२३ मध्ये मुद्दाम काढली. सिटीच्या प्रकरणात कागदपत्रं खरी की नाही इथूनच भांडण. कबूल केलेली चेक बाउन्सची केस आणि भाऊबंदकीचा दिवाणी दावा, दोन्ही एकाच वेगाने चालतील का?

आरोप ठेवायला चार वर्षं लागली, त्यावर टीका रास्त आहे. त्यातला मोठा काळ कागद मिळवण्याच्या कोर्टबाजीत गेला हेही लिहा.

---

गोदाकाठ_फिक्स्चर

वेळापत्रकाचं कोणी बोललं नाही, म्हणून. २६ डिसेंबरला, म्हणजे बॉक्सिंग डेला, तिकडे भरगच्च मॅचेसची प्रथा; २०२५ ला एकच होती, त्यावरून केवढी बोंबाबोंब. ३८ फेऱ्या, त्या मोसमात त्यातल्या ३३ शनिवार-रविवारच्या. युरोपियन स्पर्धा वाढल्या, एफए कपच्या फेऱ्यांना वेगळे शनिवार-रविवार द्यावे लागले. आणि २६ तारीख आली शुक्रवारी. शिवाय वेळापत्रक बनवणाऱ्या संगणकाला घातलेल्या अटी: कोणत्याही पाच सामन्यांत घरचे-बाहेरचे ३-२ किंवा २-३, मोसमाची सुरुवात किंवा शेवट सलग दोन घरच्या किंवा दोन बाहेरच्या मॅचने नको, लिव्हरपूल आणि एव्हर्टन एकाच दिवशी दोघेही घरी नकोत, वर पोलिसांचं म्हणणं. एक तारीख हलवली की चाळीस हलतात. एका मैदानावर दोन वयोगटांच्या स्पर्धा बसवताना आपल्या गोल्फ क्लब मैदानावर काय होतं ते पाहिलेल्याला हे सांगायला नको.

शनिवारी १२.३० ची मॅच, आपली संध्याकाळी ५ ची, बुधवारी युरोपात खेळलेल्या संघाला का? टीव्हीवाल्यांनी निवडली म्हणून. त्यांनी २०२५ ते २०२९ साठी नुसत्या ब्रिटनच्या हक्कांचे ६.७ अब्ज पौंड मोजलेत. करार मास्टर्सनेच केला. पैसे घेताना कोणता व्यवस्थापक कुरकुरला होता ते मला आठवत नाही.

---

कॉलेजरोड_गनर

एवढ्यावरून मेसेज बनवलाय. टाकण्याआधी बघा:

"मास्टर्सला शिव्या द्या, पण नेमक्या. व्हीएआर ठेवायचा निर्णय १९ क्लबांचा. हॉटेलची पळवाट उघडी ठेवली ती क्लबांनी. गुण कापले स्वतंत्र आयोगाने, सिटीचा निकालही त्यांच्याकडेच. त्याच्या नावावर हे मांडा: लेस्टरच्या वेळचं कच्चं कलम, एव्हर्टनसाठी ऐन वेळी काढलेलं सूत्र, लवादाने रद्द केलेले नियम, ऑफसाइड यंत्रणेचा उशीर, आणि छोटे क्लब म्हणणं. नियम बदलायला १४ क्लब लागतात, तुमचा क्लब कोणत्या बाजूला होता ते आधी बघा."

---

पंचवटी_स्काउजर

चांगला आहे. "लवादाने रद्द केलेले नियम" यापुढे "क्लबांनी मंजूर केलेले" जोडा, नाहीतर तुम्हीच एकतर्फी ठराल. आणि शेवटचं वाक्य वर घ्या. खालपर्यंत कोणी वाचत नाही.

---

ताळेबंद_सातपूर

"१४ क्लब लागतात" च्या जागी "किमान १४" करा. आणि पीएसआरवर कोणी भांडायला आलं तर सांगा की २०२६-२७ पासून तो नाही. त्याऐवजी संघावरचा खर्च, म्हणजे पगार, एजंटांचं कमिशन आणि खेळाडूंचा वार्षिक बोजा, हे सगळं उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांत बसवायचं. त्यात हॉटेल विकून आलेला पैसा धरत नाहीत.

---

कॉलेजरोड_गनर

दोन्ही बदल केले, टाकला. पहिला रिप्लाय आला: "एवढं कोण वाचणार, थोडक्यात सांग मास्टर्सला किती दिले."

---

मिसळ_आणि_मॅच

त्याला विचारा कोणत्या क्लबचा. युनायटेडचा असेल तर व्हीएआरचा १९-१ वाला आकडा चिकटवा, त्या १९ मध्ये तेही होते.